तिसऱ्या करकरतात, कालवं वातड होतात: या चुका टाळा

तिसऱ्यांच्या (खाडीतल्या छोट्या शिंपल्यांच्या) रश्शात रेती लागली की दोष धुण्याला दिला जातो. धुऊन जातो तो शिंपीवरचा चिखल. आतली रेती तिसरीनेच बाहेर टाकायला हवी, आणि नळाच्या गोड्या पाण्यात ती गच्च मिटून बसते. लिटरभर पाण्यात ३० ते ३५ ग्रॅम जाडं मीठ विरघळवा. परातीत चाळणी उपडी ठेवून तीवर तिसऱ्यांचा एकच थर पसरा. टाकलेली रेती खाली राहते, पुन्हा आत ओढली जात नाही. पाणी जेमतेम बुडण्यापुरतं. खोल भांड्यात ढीग केला तर प्राणवायू संपून त्या गुदमरतात. अंधारात दोन-तीन तास, मध्ये एकदा पाणी बदलून. नंतर हाताने उचला. पाण्यासकट ओतल्या तर मेहनत वाया.

पावसाळ्यात खाडीचं पाणी यासाठी आणू नका. ते गढूळ असतं आणि पुरेसं खारटही नसतं.

विळीवर उघडणं सोपं जावं म्हणून तिसऱ्या थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवतात. ठेवा, पण निवड आधी करा, कारण गारठल्यावर मेलेली आणि जिवंत सारखीच दिसते. उघडी असेल ती टिचकी मारल्यावर मिटली पाहिजे. मिटलेलीच्या दोन शिंपा बोटांत धरून आडव्या सरकवून बघा: सरकल्या तर आत बहुधा चिखल, आणि असा एक शिंपला अख्खी हंडी नासवतो.

एकशिपी करताना, म्हणजे तिसरी उघडून मांस एकाच शिंपीत ठेवताना, विळीखाली ताट हवंच. निघालेलं पाणी निवळू द्या, वरचं तेवढं रश्शात घाला, आणि चव घेतल्याशिवाय मीठ टाकू नका. आमसूल शेवटी. अख्ख्या उकडत असाल तर तोंडं उघडल्यावर आणखी ३ ते ५ मिनिटं. न उघडलेल्या सरळ फेका.

कालवं (ऑयस्टर) बहुतेक सोललेलीच मिळतात, म्हणजे टिचकीची परीक्षा नाही. फुगलेली, फिकट, दुधाळ पाण्यात तरंगणारी असतील तर ती गोड्या पाण्यात भिजवलेली असण्याची शक्यता मोठी. घरीही नळाखाली धरू नका, चव तिथेच जाते. मिठाच्या पाण्यात बोटांनी चाचपून शिंपीचे कपचे काढा. मसाला पूर्ण शिजल्यावरच कालवं घाला; उकळी आल्यावर ३ ते ५ मिनिटं पुरेत, कडा मुरडतात. पुढे शिजवाल तर रबर.

लिंबू पिळून कच्ची खाण्याचा मोह खाडीकाठी नकोच. कालव पाणी गाळून जगतं, त्यामुळे सांडपाण्यातले जंतूही त्यात साठतात. उकळून जंतू मरतात. कारखान्याच्या पाण्यातले जड धातू आणि समुद्र लालसर झाल्यावर येणारं विष मात्र तसंच राहतं.

शिंपल्या शोभेला ठेवायच्या तर व्हिनेगर वापरू नका. शिंपी मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची. आम्लात ती झिजते, चकाकी जाते. पाच मिनिटं उकळा, बिजागरीतलं मांस खरवडा, उन्हात वाळवा. वास त्या मांसाचाच येतो. माडाच्या अळ्यात अख्ख्या टाकलेल्या शिंपल्या वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात. जांभ्याच्या आम्लट मातीला उपयोग व्हायचा तर कुटून पीठच करावं लागतं.