सोलापूरचं माळरान परत जोडायचं असेल तर काय करायचं

ऊस, कॅनॉल, हायवे यांनी माळाचे तुकडे पडतात, ते प्राण्यांना ये-जा करता येईल असे परत जोडायचे, असा हा विषय. आधी एक सांगतो, पाऊस पडला की खड्डे घेऊन माळावर झाडं लावायला पळू नका. आपला माळ म्हणजे पडीक नाही, गवताचं रान आहे ते, आणि माळढोक, काळवीट, लांडगा, खोकड या सगळ्यांना उघडं लागतं, लांबपर्यंत दिसलं पाहिजे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरच एकेकाळी गिरिपुष्प (ग्लिरिसिडियाची झाडं) लावलं होतं, मग तेच काढायची वेळ आली. तिथलं माळढोक अभयारण्य १९७९ चं, कागदावर ८,४९६ चौरस किमी, नंतर १,२२२ च्या आसपास आणलं, आणि त्यातही बरीचशी खाजगी शेतं. म्हणजे नुसत्या वनखात्याच्या जमिनीवर भागत नाही, मधली गायरानं आणि बांध धरावे लागतात.

तर मोबाईलवर सॅटेलाईट नकाशा उघडा, आपल्या गावचं गायरान, वनखात्याचा तुकडा, ओढा असं सगळं बघा आणि मधे ऊस, कॅनॉल, हायवे कुठं आडवा येतो ते शोधा. प्राण्यांना जायला सगळ्यात कमी अडथळ्याची वाट पकडा, बहुतेक वेळा ती ओढ्याकाठानंच जाते. गायरानाला हात लावायच्या आधी ग्रामसभेचा ठराव घ्या आणि तहसीलला विचारा, वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी.

खरी मेहनत माळावर माजलेली वेडी बाभूळ काढण्यात आहे. वरून तोडली की दुप्पट जोमानं फुटते, म्हणून बुंधा जमिनीखाली फूटभर खणून काढायचा, बारकी रोपं पहिल्या पावसात जमीन मऊ असताना हातानं उपटायची. शेंगा पिकायच्या आत आवरा, कारण शेळ्या शेंगा खातात आणि लेंड्यांतून बी सगळीकडं पोचतं. जेसीबी लावून अख्खा माळ उलथू नका, मुरमावर चार बोटं माती असते ती पण जाते, आणि पाणी अडवायला खणतात ते सलग समतल चर पण तिथं नकोतच. एका झटक्यात सगळी काढू नका, लोकांचं सरपण त्यावर चालतं, पट्ट्यापट्ट्यानं घ्या, आणि पुढची काही वर्षं फुटवे काढत राहायची तयारी ठेवा, नाहीतर केलेलं पाण्यात.

गवताचं बी बाजारातून आणायची गरज नाही, जवळच्या चांगल्या माळावरून परवानगी घेऊन दिवाळीच्या आसपास मारवेल, पवना, डोंगरी यांचं पिकलेलं बी ओरबाडून घ्या, कोरड्या पोत्यात ठेवा आणि पुढच्या जूनमध्ये शेणमातीत कालवून टाका. जून ते बी पडेपर्यंत चराई बंद, मग धनगरांना मेंढरं सोडू द्या. धनगरांना हाकलून माळ टिकत नाही हे माझं ठाम मत, आणि लांडगा मेंढी नेतो तेव्हा नुकसानभरपाईचा अर्ज भरायला त्यांना मदत करा, नाहीतर विष घातलं जातं.

बांधावर पट्टा सोडायला सांगाल तेव्हा भाऊबंदकी निघेलच, सोलापुरात बांधावरून कोर्टात न गेलेलं घर दाखवा मला! म्हणून ज्यांच्यात भांडण नाही अशा शेजाऱ्यांपासून सुरुवात करा, बांध कोरायचा नाही आणि तणनाशक मारायचं नाही, एवढंच मागा.

पावसाळ्यात माळावर कमी फिरा, जमिनीवर अंडी असतात, हिवाळ्यात लांडग्याच्या बिळाजवळ पिल्लं. माळढोकाला उडताना समोरच्या विजेच्या तारा नीट दिसत नाहीत, नवीन लाईन येणार असेल तर आधीच हरकत द्या. आणि वाटेवरच्या बिनकठड्याच्या विहिरी बांधून घ्या, रात्री त्यात प्राणी पडतात.