सापाला खाणं पेटीतच द्या

सापाला त्याच्या पेटीतच उंदीर दिला, तर पेटीत शिरणारा प्रत्येक हात त्याला उंदीर वाटू लागतो, असा समज साप पाळणाऱ्यांत खोल रुजलेला आहे. म्हणून अनेक जण सापाला उचलून प्लास्टिकच्या टबात ठेवतात, तिथे खायला घालतात आणि पुन्हा पेटीत सोडतात. बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक या सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या दोन्ही सापांसाठी ही पद्धत फायद्यापेक्षा तोट्याचीच ठरते.

त्याआधी कायद्याचं. धामण, दिवड, मांडूळ, अजगर असे आपल्याकडचे साप घरी ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी साइटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे त्याची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. इथून पुढचं सगळं परदेशी, कागदपत्रं असलेल्या सापांबद्दल आहे.

आता त्या समजाचा हिशोब मांडू. मोठा साप जातीनुसार दहा दिवस ते तीन आठवड्यांतून एकदा खातो. या काळात पाणी बदलायला, विष्ठा काढायला, तापमान बघायला तुम्ही पेटी निदान दहा-बारा वेळा उघडता. त्यातल्या एकदाच उंदीर येतो. एवढ्यावरून साप ‘झाकण उघडलं म्हणजे जेवण’ असं शिकत नाही. तो शिकतो ते पेटी फक्त खायला देण्यापुरतीच उघडली जाते तेव्हा. मग दोष जागेचा नसतो, बाकी दिवशी सापाकडे न फिरकण्याचा असतो.

साप चावतो तो बहुतेक वेळा वासामुळे आणि उबेमुळे. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. कॉर्न स्नेकला त्या नसतात, तो जिभेने टिपलेल्या वासावर आणि हालचालीवर विसंबतो. खाऊन झालेल्या सापाची भूक लगेच शमत नाही, आणखी भक्ष्य मिळेल म्हणून तो सावध असतो. नेमक्या त्या क्षणी, उंदराच्या वासाने भरलेल्या टबात तुमचा उबदार हात शिरतो. चावा टाळण्यासाठी योजलेली पद्धत चाव्याची सगळ्यात मोठी संधी निर्माण करते.

आणि चाव्यापेक्षा वाईट म्हणजे उलटी. पोटात अख्खा उंदीर असताना सापाला उचललं, की घाबरून तो खाल्लेलं बाहेर टाकू शकतो. पोटातलं आम्ल अन्ननलिकेला भाजतं, शरीरातलं पाणी कमी होतं, पिल्लू असेल तर जिवावर बेततं. उलटी झालीच, तर चौदा दिवस काहीही देऊ नका, पाणी मात्र कायम ठेवा. पंधराव्या दिवशी नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य द्या. पुन्हा उलटी झाली, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे न्या.

पचन उबेवर चालतं, आणि इथे पुण्याचं हवामान आडवं येतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. बॉल पायथनला उबदार कोपऱ्यात ३१ ते ३३ अंश आणि थंड बाजूला २५ ते २७ अंश लागतात, कॉर्न स्नेकला उबदार बाजूला २९ ते ३१ अंश पुरतात. टबात ना हीट मॅट (खालून ऊब देणारी विजेची चटई) असते ना तापमान स्थिर ठेवणारा थर्मोस्टॅट. खाण्यानंतरचे दोन-तीन दिवस ही ऊब सलग मिळायला हवी. म्हणून वारसुद्धा विचार करून निवडा. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची जुनी रीत आहे, तेव्हा बुधवारी रात्री खायला देऊ नका. शुक्रवारची संध्याकाळ चांगली. गणपतीच्या दिवसांत मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असेल, तर विसर्जनाच्या आदल्या दोन दिवसांतही देऊ नका. ढोलाचे हादरे साप शरीराने टिपतो, आणि भरल्या पोटी तो ताण नको.

कृती अशी. गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, बंद डब्यात ठेवा. हा डबा स्वयंपाकाच्या भांड्यांपासून कायमचा वेगळा. खायला देण्याआधी उंदीर बंद पिशवीत घालून हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. पोट दाबून बघा, आत थंड गोळा लागला तर अजून थांबा. बाहेरून ३८ ते ४० अंश ऊब असावी. मायक्रोवेव्ह नको, त्यात उंदीर अर्धवट शिजतो आणि पोट फुटतं. मग कागदाने कोरडा पुसा, कारण ओल्या अंगाला पेटीच्या तळाशी पसरलेलं कोको पीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चिकटतं. पेटीत भक्ष्य पोटात जाताना तळाचा थरही जातो ही तक्रार खरी आहे, पण त्यावर सापाला हलवणं हा उपाय नाही. एक सपाट फरशी किंवा उथळ ताटली ठेवली की काम होतं. चिकटलेले चार-दोन कण विष्ठेतून निघून जातात.

दिवे मंद करा. तीस सेंटिमीटर लांब चिमट्याने उंदीर कमरेजवळ धरा, डोकं सापाकडे, आणि लपण्याच्या जागेच्या तोंडाशी हळू हलवा. तोंडावर नेऊन टेकवू नका, लाजरा बॉल पायथन तेवढ्याने मागे सरतो. पकडलं की हात काढा आणि खोलीतून बाहेर जा. घेतलं नाही तर फरशीवर ठेवून द्या, सकाळपर्यंत तसंच राहिलं तर कागदात गुंडाळून टाका, पुन्हा गोठवू नका. हात साबणाने धुवा, साल्मोनेला या जिवाणूचा धोका असतो.

आकार: सापाच्या शरीराच्या सर्वात जाड भागाएवढाच उंदीर. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला दर पाच-सात दिवसांनी उंदराचं एक गुलाबी, केस न आलेलं पिल्लू. मोठ्याला दहा-चौदा दिवसांनी एक मोठा उंदीर. दीड किलोच्या प्रौढ बॉल पायथनला ७५ ते ९० ग्रॅम, दोन-तीन आठवड्यांतून एकदा. घरात पकडलेला उंदीर कधीच देऊ नका, त्याच्या पोटात उंदीरनाशक असू शकतं आणि ते सापालाही बाधू शकतं. जिवंत उंदीरही नको, तो सापाला खोल चावे घेतो. डोळे दुधी झाले म्हणजे कात जवळ आली, तेव्हा थांबा.

खाल्ल्यावर ४८ तास हात लावू नका. पोट फुगलेलं दिसत असेल तर आणखी थांबा. मग हाताळायच्या दिवशी आधी हुकने (साप हाताळायच्या आकडीच्या काठीने) किंवा गुंडाळलेल्या कागदाने सापाच्या अंगाच्या मधल्या भागाला दोन-तीनदा हलकेच स्पर्श करा आणि मगच हात घाला. खाण्याच्या दिवशी हा स्पर्श करायचा नाही. काही आठवड्यांत सापाला फरक कळतो: स्पर्श झाला म्हणजे जेवण नाही.

बाहेर देण्याची गरज कधी पडते? दोन साप एका पेटीत असतील तर. ते एकच उंदीर दोन टोकांनी धरतात आणि एक साप दुसऱ्यालाही गिळू शकतो. खरा उपाय दोन पेट्या. तोवर एकाला हीट मॅट लावलेल्या टबात हलवा आणि किमान दोन दिवस तिथेच राहू द्या. दुसरा अपवाद म्हणजे मोठ्या पेटीत बुजणारं पिल्लू. त्याला आणि उंदराच्या पिल्लाला छिद्रांच्या छोट्या डब्यात ठेवा, आणि तो डबा पेटीतच, हीट मॅटच्या थेट वर नाही अशा जागी ठेवा. सकाळी झाकण काढा, ते आपलं आपण बाहेर येईल.

टबात खाण्याची सवय लागलेला साप पेटीत खात नसेल, तर तो ओळखीचा टबच पेटीत ठेवा. तीन-चार वेळा तिथे खाल्लं की टबाऐवजी फरशी.