जुन्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून डेटाबेस हलवण्याआधी

स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग, त्यात ते सांभाळायचं सीपॅनेल आणि त्यासोबत आलेलं पीएचपीमायअ‍ॅडमिन. वाचनालयांची, मंडळांची, दिवाळी अंकांची कितीतरी संकेतस्थळं वर्षानुवर्षं यावरच चालतात. पॅनेलमधलं डेटाबेस ब्राउझरमधून हाताळायचं हे साधन जुनं झालं तरी आपल्याला बदलता येत नाही, होस्टिंगवाला पॅनेल अद्ययावत करेल तेव्हाच ते बदलतं. म्हणून सामान हलवायचं असेल, तर हे साधन दगा देईल असं धरूनच तयारीला लागा.

आधी आवृत्त्या लिहून घ्या. पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या पहिल्याच पानावर उजवीकडे डेटाबेस सर्व्हर, पीएचपी आणि खुद्द साधन यांचे आकडे असतात. साधन ४.८.० किंवा ४.८.१ असेल तर होस्टिंगवाल्याकडे आजच तक्रार (तिकीट) टाका. लॉगिन केलेल्या माणसाला सर्व्हरवरच्या इतर फाइलींपर्यंत पोहोचू देणारं त्यातलं भोक २०१८ मध्येच ४.८.२ आवृत्तीत बुजवलं गेलं. मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरच्या ५.७ आवृत्तीचा आधारही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला आहे. नव्या जागी मायएसक्यूएल ८ आहे की त्याचा भाऊबंद मारियाडीबी, हे नीट विचारून ठेवा. मायएसक्यूएल ८ मधून काढलेली फाइल ५.७ वर चढवू गेलात, तर कोलेशन (अक्षरांचा क्रम लावण्याचा नियम) ओळखीचं नाही म्हणून १२७३ क्रमांकाची चूक येते.

मग निर्यात. डेटाबेस मोठा आणि वेळेची मर्यादा तोकडी असेल तर फाइल अर्ध्यात तुटते, आणि ब्राउझर मात्र डाउनलोड पूर्ण झालं म्हणून सांगतो. पीएचपीमायअ‍ॅडमिन प्रायमरी की (नोंदीची ओळख) आणि ऑटो इन्क्रिमेंट (आपोआप वाढणारा क्रमांक) यांच्या ओळी फाइलच्या शेवटी लिहितं, त्यामुळे शेपूट तुटलेल्या फाइलीतून उभे राहिलेले तक्ते वरवर ठीक दिसतात. नवा मजकूर टाकायला गेलं की घोळ कळतो. फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून शेवटापर्यंत जा आणि या ओळी आहेत का ते पाहा. एसएसएच (सर्व्हरवर थेट आज्ञा चालवण्याची सोय) मिळत असेल तर सरळ मायएसक्यूएलडंप ही निर्यातीची आज्ञा वापरा, त्याच्या शेवटच्या ओळीत डंप पूर्ण झाल्याचं तारखेसह लिहिलेलं असतं.

आता मराठी मजकूर, इथे घाई नको. देवनागरी अक्षराला यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट लागतात, म्हणून अक्षरामागे तीन बाइटांपर्यंतच जागा देणाऱ्या मायएसक्यूएलच्या जुन्या यूटीएफ८ तक्त्यात मराठी मावते. चार बाइटांच्या इमोजीला यूटीएफ८एमबी४ लागतं. खरी डोकेदुखी लॅटिन१ या रोमन लिपीसाठीच्या जुन्या पद्धतीतल्या तक्त्यांची. संकेतस्थळावर मराठी छान दिसते आणि पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये तोच लेख उघडला की कचरा, असं असेल तर यूटीएफ-८ चे बाइट लॅटिन१ समजून साठवले गेलेत. संकेतस्थळ लिहिताना आणि वाचताना तीच चूक करतं, म्हणून तिथे निभावतं. असा डेटाबेस पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून काढलात तर कचराच बाहेर येईल. मायएसक्यूएलडंपला कॅरेक्टर सेट लॅटिन१ सांगून फाइल काढा, फाइलीतल्या कॅरेक्टर सेटच्या नोंदी यूटीएफ८एमबी४ करा आणि मग चढवा. जोडाक्षरं असलेले दोन-चार लेख आधीच निवडून ठेवा, तपासायला तेच कामी येतात.

नव्या जागी आयातीच्या पानावर फाइलीची कमाल मर्यादा लिहिलेली असते. बसत नसेल तर जीझिपने दाबून लहान करा, तरीही बसली नाही तर होस्टिंगवाल्यालाच चढवायला सांगा. ट्रिगर (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) किंवा व्ह्यू (साठवून ठेवलेल्या क्वेरी) असतील तर त्यांच्या डिफायनरमध्ये, म्हणजे मालकाच्या नोंदीत, जुन्या खात्याचं नाव असतं, तेही बदला.

हे सगळं एकदा रिकाम्या चाचणी डेटाबेसवर करून पाहा. ताळा घेताना यादीतल्या ओळींच्या आकड्यांवर जाऊ नका. इनोडीबी या मायएसक्यूएलच्या नेहमीच्या साठवणप्रकारातल्या तक्त्यांचे ते आकडे अंदाजे असतात, आधी ‘~’ खूण दिसते ती त्यासाठीच. दोन्हीकडे सिलेक्ट काउंट ही ओळी मोजणारी आज्ञा चालवा.

काम झाल्यावर पब्लिक_एचटीएमएल या संकेतस्थळाच्या उघड्या फोल्डरमध्ये ठेवलेली एसक्यूएल फाइल काढून टाका, नाव ओळखणारा कोणीही ती उतरवून घेऊ शकतो. पॅनेलमधल्या साधनाला वैतागून कधीकाळी तेच काम करणाऱ्या अ‍ॅडमिनरची फाइल तिथे टाकली असेल तर तीही काढा. ४.६.२ पर्यंतच्या आवृत्त्यांना स्वतःच्या सर्व्हरशी जोडून घेऊन परका माणूस तुमच्या सर्व्हरवरच्या फाइली वाचू शकत होता, आणि पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल त्यातलीच एक.