घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधताय? या चुका टाळा

अ‍ॅम्प पहिल्यांदा चालू केला आणि धूर निघाला, किंवा धूर निघाला नाही पण स्पीकरमधून अखंड घर्रर्र सुरू झालं, की बहुतेक जण एकच गोष्ट करतात: पार्ट बदलत सुटतात. आयसी बदलतात, कपॅसिटर मोठे घालतात, महागडी वायर आणतात. खरं तर एलएम ३८८६ सारख्या, अख्खा पॉवर अ‍ॅम्प पोटात असलेल्या आयसीभोवती इतके थोडे पार्ट असतात की त्यातला एखादा मुळातच खराब निघण्याची शक्यता कमी. घोटाळा असतो तो तारा कुठून कुठे नेल्यात, स्क्रू कशाला टेकलाय आणि गाणं ऐकायची घाई किती होती, यात. हे तीनही फुकटात दुरुस्त होतं, पण आधी मोजावं लागतं.

जुळवणी झाली की थेट प्लगमध्ये

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) उलटा लागलाय, कपॅसिटर उलटा आहे, आयसीच्या पाठीचा पत्रा हीटसिंकला टेकलाय, काहीही असलं तरी कळायच्या आत जळून मोकळं. फ्यूज वाचवेल या भरवशावर राहू नका. फ्यूज तार वाचवतो, आग टाळतो. सेमीकंडक्टर त्याच्या आधी गेलेला असतो.

उपाय जुना आणि खात्रीचा आहे: सिरीज बल्ब. फेजच्या तारेत ६० किंवा १०० वॅटचा फिलामेंटवाला बल्ब घाला. एलईडी बल्ब इथे चालत नाही. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स अगदी कमी असतो, त्यामुळे सर्किट ठीक असेल तर वीज जवळजवळ पूर्ण पोचते. शॉर्ट असेल तर बल्ब तापतो, त्याचा रेझिस्टन्स दहापटीहून जास्त वाढतो आणि बल्बच्या वॅटेजपेक्षा जास्त वीज पुढे जातच नाही. चालू केल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर कपॅसिटर चार्ज झाले, सगळं ठीक. लख्ख पेटून राहिला तर लगेच बंद करा आणि शॉर्ट शोधा.

क्रमही महत्त्वाचा. आधी नुसता ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कपॅसिटर, अ‍ॅम्पचा बोर्ड न जोडता. १८-०-१८ च्या (मधल्या टॅपच्या दोन्ही बाजूंना १८ व्होल्ट एसी देणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरवर दोन्ही बाजूंना साधारण २५ व्होल्ट डीसी दिसायला हवेत, लोड नसताना दोनतीन जास्तच. एक बाजू १२ आणि दुसरी २५ असेल तर पुढे जायचंच नाही. मग बंद करा, कपॅसिटर डिस्चार्ज करा, बोर्ड जोडा, इनपुट शॉर्ट करा, स्पीकर न लावता पुन्हा चालू करा आणि आउटपुटवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर गेला तर कारण शोधायचं. काही व्होल्ट दिसत असतील तर त्या अ‍ॅम्पला स्पीकर दाखवायचासुद्धा नाही. व्हॉइस कॉइल जळायला फार वेळ लागत नाही. सगळं ठीक दिसलं तरी पहिलं गाणं एखाद्या जुन्या, गेला तरी चालेल अशा स्पीकरवर.

या टप्प्यावर एलएम ३८८६ मधून आवाजच येत नाही म्हणून चांगले आयसी कचऱ्यात जातात. पिन ८ म्यूटची आहे. तिच्यातून किमान अर्धा मिलिअ‍ॅम्पियर ओढला नाही तर आयसी गप्पच बसतो. पिन ८ ते निगेटिव्ह सप्लाय २२ किलोओहमचा रेझिस्टर लावला की २५ व्होल्टवर साधारण १ मिलिअ‍ॅम्पियर मिळतो. आयसी उपसण्याआधी हा एक रेझिस्टर बघा.

डिस्चार्ज म्हणजे पिनांवर स्क्रूड्रायव्हर ठेवून ठिणगी पाडणं नव्हे. १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर क्रोकोडाइल क्लिपांना लावून कायम हाताशी ठेवा. १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्याने ५ सेकंदांत रिकामा होतो. मग मीटर लावून खात्री करा.

हमवर उपाय म्हणून मोठे कपॅसिटर

हम, म्हणजे स्पीकरमधली अखंड घरघर, मोठ्या कपॅसिटरने जाते या एका गैरसमजापायी जितके पैसे आणि जितका उत्साह वाया गेलाय, तितका दुसऱ्या कशात गेला नसेल.

एक उदाहरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. दोन चॅनलचा अ‍ॅम्प, एलएम ३८८६ ची जोडी, मध्ये टॅप असलेला ट्रान्सफॉर्मर, एक ब्रिज, दोन्ही बाजूंना ४७०० मायक्रोफॅरड. स्पीकरमधून बारीक पण चिडका घर्रर्र. बांधणाऱ्याने कपॅसिटर १०,००० चे केले, आवाज कमी व्हायच्या ऐवजी जास्त टोकदार झाला. इनपुटला शील्डेड केबल आली, ट्रान्सफॉर्मर लांब सरकला, आयसी बदलले. आवाज तिथेच. शेवटी तारा पाहिल्या तेव्हा दिसलं, की इनपुटचं ग्राउंड पॉझिटिव्ह बाजूच्या कपॅसिटरच्या पायाला सोल्डर केलंय आणि बोर्डांचं व स्पीकरचं ग्राउंड निगेटिव्ह बाजूच्या कपॅसिटरच्या पायाला. दोन्ही पायांमध्ये पाचेक सेंटिमीटरची जाड तार. मीटरने दोन्ही जागा ‘शॉर्ट’च दाखवत होत्या, म्हणून कुणाला संशय आला नाही.

पण त्या तारेतूनच दोन्ही कपॅसिटरना चार्ज करणारे करंटचे झटके जातात. कपॅसिटर सतत भरत नाहीत. प्रत्येक अर्ध्या सायकलच्या शिखराशी थोडा वेळ, मोठ्या करंटने भरतात. १ चौरस मिलिमीटरच्या ५ सेंटिमीटर तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स १ मिलिओहमपेक्षा जरासा कमी. गाणं चालू नसताना झटका १ अ‍ॅम्पियरचा धरला तरी त्या तारेवर सुमारे ०.९ मिलिव्होल्ट पडतात. हे व्होल्टेज थेट इनपुटच्या सिग्नलमध्ये मिसळतं, अ‍ॅम्प त्याला २१ पट करतो आणि स्पीकरवर १८ मिलिव्होल्टचे झटके पोचतात. शांत खोलीत हे स्पष्ट ऐकू येतं. कपॅसिटर मोठा केला की रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) कमी होतो, पण झटका अरुंद आणि उंच होतो, म्हणून घर्रर्र वाढला.

दुरुस्ती एवढीच: दोन कपॅसिटरना जोडणाऱ्या तारेच्या मधोमध एक वेगळी, तीनचार सेंटिमीटरची जाड तार काढायची आणि तिच्या टोकाला सगळी ग्राउंड एकत्र आणायची. इनपुट, बोर्ड, दोन्ही स्पीकर, सगळे त्या टोकाला. कपॅसिटरच्या पायाला काहीही नाही. ते केल्यावर ट्वीटरला कान लावून जी बारीक सुस्स राहिली, ती आयसीची आणि रेझिस्टरची स्वतःची. बाजारातल्या कित्येक तयार अ‍ॅम्पमध्ये एवढी शांतता मिळत नाही, आणि ती कुठल्याही महागड्या पार्टाने विकत घेता येत नाही. स्वतः बांधण्याची खरी कमाई मला हीच वाटते.

तुमच्याकडे हम असेल तर पार्ट ऑर्डर करण्यापूर्वी एवढं करा. इनपुट सॉकेट शॉर्ट करा. आवाज थांबला तर दोष दोन उपकरणांमधल्या ग्राउंड लूपमध्ये (ग्राउंडच्या तारांनी झालेल्या बंद वळशात) किंवा बाहेरच्या केबलमध्ये आहे, पॉवर सप्लायला हात लावू नका. आवाज तसाच राहिला तर दोष आत आहे. व्हॉल्यूम फिरवून बघा. बदलला तर पॉटच्या (व्हॉल्यूमच्या नॉबमागच्या पार्टाच्या) आधी शोधा, नाही बदलला तर नंतर. आणि कान द्या. जाड, गोल गुंजन म्हणजे मेन्सचीच फ्रिक्वेन्सी, ५० किंवा ६० हर्ट्झ: ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा ग्राउंड लूप. खरखरीत, चिडका आवाज म्हणजे त्याच्या दुप्पट फ्रिक्वेन्सी आणि तिच्या पटीतले सूर: कपॅसिटर चार्जिंगचे झटके सिग्नलच्या ग्राउंडमध्ये घुसलेत.

हम घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढणं हा शॉर्टकट नाही, तो जिवाशी खेळ आहे. ट्रान्सफॉर्मरचं इन्शुलेशन गेलं की अख्खा डबा लाइव्ह होतो. पत्र्याचा डबा थेट अर्थला जोडलेलाच हवा: स्वतंत्र स्क्रू, खालचा रंग खरवडलेला, दातेरी वॉशर. लूप तोडायचाच असेल तर सर्किटचं ग्राउंड आणि डबा यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टर, त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरड आणि ३५ अ‍ॅम्पियरचा ब्रिज. ब्रिजच्या प्लस-मायनस पिना आपसात शॉर्ट करून एका बाजूला, दोन्ही एसी पिना एकत्र करून दुसऱ्या बाजूला नव्हे. प्लस-मायनस शॉर्ट करायच्या आणि एक एसी पिन सर्किट ग्राउंडला, दुसरी डब्याला. असं जोडलं की दोष आला तर करंट डायोडमधून अर्थला जातो.

झाकण लावलं की फ्यूज उडतो

अ‍ॅम्प टेबलावर उघडा असताना तासन् तास सुरेख चालतो. झाकण बसवून स्क्रू आवळले की चालू करताक्षणी ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि फ्यूज जातो. झाकण काढलं की पुन्हा ठीक. यात बोर्डाचा काही दोष नाही.

टोरॉइड (कड्यासारखा गोल) ट्रान्सफॉर्मर मधोमध एका लांब बोल्टने बसवलेला असतो. बोल्टचं खालचं टोक डब्याच्या तळाला जोडलेलं आहेच. वरचं टोक जरा उंच राहिलं आणि धातूच्या झाकणाला टेकलं, की बोल्ट, झाकण, बाजूच्या भिंती आणि तळ मिळून ट्रान्सफॉर्मरला एक वेढा तयार होतो, तोही शॉर्ट केलेला. त्यातून शेकडो अ‍ॅम्पियर वाहू शकतात. बोल्ट कापून झाकणापासून किमान १ सेंटिमीटर खाली ठेवा आणि वरच्या वॉशरला कधीही पट्टी लावून डब्याला बांधू नका. बोल्ट फार आवळूही नका. रबरी चकती थोडी दबली की पुरे, नाहीतर आतली वायर चिरडते.

उष्णतेचा हिशोब न करता छोटा हीटसिंक

±२८ व्होल्टवर चालणारा क्लास एबी (एलएम ३८८६ असाच असतो) अ‍ॅम्प ८ ओहमच्या लोडवर सर्वात वाईट परिस्थितीत प्रत्येक चॅनलमागे सुमारे २० वॅट उष्णता टाकतो, ४ ओहमवर ४० वॅट. ४ ओहमचा स्पीकर लावायचा असेल तर प्रत्येक चॅनलला दीड अंश प्रति वॅटपेक्षा कमी रेटिंगचा हीटसिंक हवा. हातातला मोबाइलएवढा पत्रा हे काम करत नाही. आयसी स्वतःला वाचवतो, पण वाचवताना आवाज फाटतो आणि लोक स्पीकरला दोष देतात.

एलएम ३८८६टी आणि टीडीए २०३०, दोन्हींचा पत्रा निगेटिव्ह सप्लायला जोडलेला असतो. मध्ये मायका किंवा सिलिकॉन पॅड आणि स्क्रूला प्लॅस्टिकचं बुश हवंच. बसवल्यावर पत्रा आणि हीटसिंकमध्ये मीटर लावा. बीप आला तर भोकाच्या कडेला राहिलेला धातूचा कण मायका फाडून गेलाय. मायकाला थर्मल ग्रीस लावायचं ते पातळ, थापायचं नाही.

ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प असेल तर बायस (सिग्नल नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट) ठरवणारा ट्रान्झिस्टर आउटपुट ट्रान्झिस्टरच्या हीटसिंकवरच बसला पाहिजे. बोर्डावर मोकळा ठेवला की तापमान वाढेल तसा बायस वाढत जातो आणि शेवट धुरात होतो. प्रिसेट (बायस बदलायचा छोटा पॉट) आधी किमान बायसवर आणा, ते कुठल्या बाजूला आहे हे अंदाजाने नाही, मीटरने ठरवा. ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर २२ मिलिव्होल्ट म्हणजे १०० मिलिअ‍ॅम्पियर. सिरीज बल्ब काढून, २० मिनिटं तापू देऊन पुन्हा मोजा. दोन मिनिटांत बायस लावून मोकळे होणारे बायस लावतच नाहीत.

ऑसिलेशन

सिग्नल नाही, स्पीकरमध्ये आवाज नाही, तरी हीटसिंक तापतोय? अ‍ॅम्प ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट करत, म्हणजे स्वतःच सिग्नल तयार करत असण्याची दाट शक्यता. ट्वीटर यातच जातात. १ सेंटिमीटर तारेला साधारण १० नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो, म्हणून ०.१ मायक्रोफॅरडचे सप्लायवरचे डिकपलिंग कपॅसिटर आयसीच्या पिनांना चिकटून हवेत, बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला नाही. आउटपुटवरचा २.७ ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा झोबेल (अ‍ॅम्प स्थिर ठेवणारी जोडी) ‘नसला तरी चालतंय’ म्हणून गाळू नका. लांब स्पीकर केबल असेल तर १० ओहमच्या रेझिस्टरवर एनॅमल वायरचे दहा वेढे घालून, वायरची टोकं त्याच्याच पायांना सोल्डर करून, तो आउटपुटला सिरीजमध्ये टाका. एलएम ३८८६ चा गेन (सिग्नल किती पट होतो तो आकडा) १० च्या खाली आणू नका, तिथे तो स्थिर राहत नाही.

बाकीच्या, एकेका ओळीत

बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या जागी २एन ५५५१ तसाच घालू नका. सपाट बाजू समोर धरली तर पहिल्याची रांग कलेक्टर, बेस, एमिटर आणि दुसऱ्याची एमिटर, बेस, कलेक्टर.

७८१२ आणि ७९१२ या रेग्युलेटरच्या पिना वेगळ्या आहेत, शिवाय ७९१२ चा पत्रा ग्राउंड नसून इनपुट असतो.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरची पट्टी मायनस दाखवते, टँटलमवरची प्लस.

व्हॉल्यूमला लॉग पॉट लागतो. बहुतेक पॉटवर ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनिअर.

नळकामाचं अ‍ॅसिड फ्लक्स बोर्डावर कधीच नाही. काही महिन्यांत कॉपर खाऊन टाकतं.

सोल्डर आधी पॅड आणि पाय दोन्ही तापवून मग द्या. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर थेंब घेऊन तो चिकटवणं म्हणजे ड्राय सोल्डरला आमंत्रण.

२एससी ५२०० आणि २एसए १९४३ हे पॉवर ट्रान्झिस्टर नकली फार मिळतात. अधिकृत वितरक सोडून स्वस्तात आणलेली जोडी पूर्ण सप्लायवर लावू नका.

झाकण कायमचं लावण्यापूर्वी

स्पीकरऐवजी ८ ओहमचा, ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर हीटसिंकवर बसवून लावा आणि अ‍ॅम्प पूर्ण पॉवरच्या एक तृतीयांशावर तासभर चालवा. क्लास एबी अ‍ॅम्प सर्वात जास्त याच सुमारास तापतो, पूर्ण आवाजाला नाही. मग बंद करा, डिस्चार्ज करा, गार होऊ द्या. आयसीचे स्क्रू पुन्हा आवळा, कारण पॅड दबून ते हमखास सैल होतात. आउटपुटचा डीसी आणि बायस परत मोजा आणि आकडे एका चिठ्ठीवर लिहून ती डब्याच्या आतून चिकटवा. पुढे कधी आवाजात फरक वाटला तर तुलना करायला तेच आकडे लागतील.