फायटर माशांची जोडी लावताना

फायटर (बेटा) माशांची जोडी फसते ती बहुतेक वेळा घाईमुळे. नर-मादी आणून त्याच दिवशी एका टाकीत सोडले, तर सकाळी मादीच्या पंखांच्या चिंध्या झालेल्या दिसतात.

चार महिने ते वर्षभर वयाची जोडी घ्या. मादी नरापेक्षा थोडी लहान हवी, नाहीतर अंडी घालताना नर तिच्याभोवती घालतो तो विळखा पुरत नाही. दोघांना दहा ते चौदा दिवस वेगळं ठेवून दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं जिवंत किंवा फ्रोझन खाद्य द्या. नुसत्या कोरड्या दाण्यांवर मादीत पुरेशी अंडी भरत नाहीत.

टाकी 30–40 लिटरची, पण पाणी 12–15 सेंटिमीटरच. अंडी तळाशी पडतात आणि नराला ती प्रत्येक वेळी वर न्यावी लागतात. तळाला वाळू-खडी नको, त्यात अंडी हरवतात. तापमान 27–28 अंश, फिल्टर बंद, कारण प्रवाहात अंड्यांसाठीचं नराचं घरटं टिकत नाही. एका कोपऱ्यात थर्माकोलच्या कपाचा उभा चिरलेला अर्धा भाग तरंगत चिकटवा. नर त्याखाली बुडबुड्यांचं घरटं बांधतो. समोरच्या टोकाला मादीला लपायला भरपूर जावा मॉस (पाण्यात वाढणारं शेवाळ). वर घट्ट झाकण.

आधी नर सोडा. मादी त्याच टाकीत, पण दोन्ही बाजूंनी उघड्या काचेच्या नळीत, किमान 24 तास. आता हात आवरून नुसतं बघायचं. नर कल्ले फुलवतो, अंग वळवत तिच्यासमोर मिरवतो आणि मधूनच घरट्याकडे जाऊन येतो. पण निर्णय मादीकडे बघून घ्यायचा. तिच्या अंगावर उभे फिकट पट्टे आले, पोट गोल दिसतंय, पोटाखाली पांढरा ठिपका (अंडी बाहेर पडण्याची नळी) आहे आणि ती डोकं खाली करून नराकडे वळते, म्हणजे तयार. आडवे पट्टे दिसले तर ती घाबरलेली आहे, सोडू नका. फिकट रंगाच्या माद्यांत पट्टे दिसतच नाहीत, तिथे पोट आणि वागणं एवढ्यावरच भिस्त.

घरटं भरलं आणि मादीची खूण पटली की नळी अलगद उचला. पाठलाग होणार, पंख थोडे फाटणार, तेवढं चालतं. खवले उडाले किंवा मादी तळाशी पडून धापा टाकू लागली, तर लगेच बाहेर काढा आणि पुन्हा खाऊपिऊ घालून मग बघा. दोन दिवसांत काही झालं नाही तरीही तेच.

घरट्याखाली नर अंग वाकवून मादीला विळखा घालतो आणि उलटी करतो. सुरुवातीचे काही विळखे कोरडे जातात. मग पांढरी अंडी खाली झरतात, नर ती तोंडात गोळा करून घरट्यात चिकटवतो. मादी तेव्हा काही सेकंद निपचित तरंगते. नवखे घाबरून जाळी घालतात आणि सगळं तिथेच मोडतं. हे काही तास चालतं. अंडी संपली आणि नर तिला हुसकावू लागला की घरट्यापासून लांबून तिला काढून घ्या, नाहीतर ती मार खाते आणि अंडीही खाते.

नराला राहू द्या. रात्री मंद दिवा ठेवा, खाली पडलेली अंडी त्याला दिसली पाहिजेत. त्याने सगळी अंडी खाल्ली, तर बहुधा ती फळलेली नव्हती किंवा टाकीभोवती वर्दळ जास्त झाली.

साधारण 24–48 तासांत पिल्लं बाहेर येतात आणि शेपटी खाली करून लटकतात. अजून दोन-तीन दिवसांनी ती आडवी पोहू लागली की नर काढा. खाद्यही तेव्हाच सुरू: आधी इन्फुसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) किंवा व्हिनेगर ईल (अगदी बारीक जंत), मग ब्राइन श्रिम्पची (खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीसारख्या जिवाची) अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं. पावडर खाद्याने पाणी नासतं. झाकण मात्र पहिले काही आठवडे काढायचं नाही. हवेतून श्वास घेण्याचा अवयव तेव्हा घडत असतो आणि थंड हवा लागली की पिल्लं पटापट दगावतात.

दोन-तीन महिन्यांत नर आपसात भांडू लागतात, मग प्रत्येकाला स्वतंत्र बरणी लागते. एका खेपेला शंभरावर पिल्लं सहज निघतात, तेव्हा जोडी लावायच्या आधी बरण्या मोजा.