बेल सायफन असा बनवा की रोज नळ फिरवायला लागू नये

घरी अ‍ॅक्वापोनिक्स (माशांच्या टाकीतलं पाणी खडीच्या बेडमधल्या झाडांना फिरवायचं) करणाऱ्यांचं सगळ्यात मोठं रडगाणं म्हणजे बेल सायफन, बेड भरला की आपोआप रिकामा करणारा. आज मस्त चालला, पंधरा दिवसांनी बघावं तर पाणी नुसतं झिरपतंय, बेड काठोकाठ भरलेला आणि रिकामा व्हायचं नावच नाही. मग लोक पंपाचा नळ थोडा इकडे थोडा तिकडे करत बसतात. तसं करून तात्पुरतं जमतंही, पण पंपाच्या जाळीत कचरा अडकतो, पाइपात शेवाळ धरतं, प्रवाह हळूहळू कमी होतो आणि परत तेच. म्हणून सायफन असा बनवायचा की प्रवाह निम्मा झाला तरी सुरू व्हावा आणि बराच वाढला तरी वेळेवर तुटावा, म्हणजे थांबावा.

तत्त्व जुनंच आहे. वसुदेवाच्या डोक्यावर बाळकृष्ण असलेला पितळी पेला बघितलाय ना, पाणी कृष्णाच्या पायाला लागलं की सगळं ओसरतं, तेच. बेडच्या मधोमध उभा पाइप, त्यावर वरून बंद असलेला जाड पाइप म्हणजे बेल. पाणी उभ्या पाइपच्या तोंडापर्यंत चढतं, आत सांडताना बेलमधली हवा ओढून नेतं, हवा गेली की सायफन पकडतो, म्हणजे बेडमधलं पाणी ओढून काढायला लागतो. पाणी बेलच्या तळाच्या खाचांपर्यंत उतरलं की हवा आत शिरते आणि तुटतो.

आता मापं. निळा 200 लिटरचा ड्रम उभा चिरून केलेला अर्धा बेड धरू आणि खाली 200 लिटरची माशांची टाकी. खडीत साधारण 40 टक्के पोकळी असते, म्हणजे एका फेरीत 25-30 लिटरच पाणी लागतं. टाकीतलं पाणी तासाला एकदा फिरावं हा नेहमीचा हिशोब, म्हणून प्रवाह तासाला 200 लिटर, बेड 8-10 मिनिटांत भरतो. (गच्चीवर ठेवणार असाल तर असा एक बेड खडी-पाण्यासकट दीडशे किलोच्या वर जातो, आणि टाकीचे दोनशे वेगळे, बीमच्या जवळ ठेवा.)

बहुतेकांचं गाडं अडतं ते उभ्या पाइपच्या जाडीत. दुकानदार एक इंची देतो, आपण घेतो, आणि एवढ्या कमी प्रवाहात पाणी पाइपच्या कडेकडेने निवांत उतरत राहतं, पाइप भरतच नाही, हवा जाणार कशी? या बेडला पाऊण इंची पुरतो. त्याच्या डोक्यावर दीड इंच बाय पाऊण इंचाचा रिड्यूसर बसवा, रुंद तोंड वर. हे नरसाळं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं. रुंद तोंडावरून पाणी एकदम आत पडतं, अरुंद गळा पटकन भरतो आणि कमी प्रवाहातही सायफन पकडतो. नरसाळ्याची कड खडीच्या पृष्ठभागापेक्षा 4-5 सेंटीमीटर खाली ठेवा, वरची खडी कोरडी राहिली की शेवाळ आणि डास दोन्ही कमी.

बेल 75 एमएमचा, वर एंड कॅप, कॅप आणि नरसाळ्यात दोन-अडीच सेंटीमीटर जागा, जास्त नको कारण तेवढी जास्त हवा बाहेर काढावी लागते. तळाला तीन-चार खाचा, अडीच सेंटीमीटर उंचीच्या. कॅप सॉल्व्हंट सिमेंटने पक्की चिकटवा, सुईएवढी गळतीसुद्धा सायफन पकडू देत नाही. बेलच्या बाहेर 110 एमएमचा जाळीसारखा चिरा पाडलेला पाइप, खडी आणि मुळं बाहेर ठेवायला. पुदिना या पाइपच्या जवळ लावू नका, त्याची मुळं कुठूनही घुसतात.

बेडच्या खाली टँक निपल (भोकात घट्ट बसणारा पाइपचा जोड), दोन्ही बाजूंनी रबर वॉशर. उभा पाइप त्यात नुसता दाबून बसवा, चिकटवू नका, साफ करायला काढावा लागतो. खालच्या पाइपला शेवटी एक एल्बो द्या, त्या वळणावर पाणी क्षणभर अडतं, पाइप भरतो, सुरू व्हायला मदत होते. पण तोंड टाकीच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, आतली हवा कोंडते. लांब आडवा पाइपही नको.

सुरू होण्याचं झालं, तुटण्याचं काय? प्रवाह जास्त असला की तळाशी पाणी आणि हवा एकत्र गुडगुड करत जात राहतात आणि सायफन अर्धवट चालूच राहतो. उपाय म्हणजे स्नॉर्कल: बेलच्या कॅपला भोक पाडून त्यात माशांच्या एअर पंपाची बारीक नळी घट्ट बसवा, बेलच्या बाहेरून खाली आणा, टोक खाचांच्या वरच्या कडेइतक्या उंचीवर. पाणी तिथे उतरलं की हवा सरळ बेलच्या डोक्यात जाते आणि खटकन तुटतो.

खडी भरायच्या आधी चाचणी घ्या, हे कोणीच करत नाही. पंपानंतर टी लावून एका फाट्यावर बॉल व्हॉल्व्ह, जास्तीचं पाणी परत टाकीत पडू दे, माशांना ऑक्सिजनही मिळतो. बादलीने बेड जवळजवळ भरा, मग प्रवाह कमी करत जा आणि कुठे सायफन पकडायचा थांबतो ते बघा, तसंच वाढवत नेऊन कुठे तुटायचा थांबतो ते बघा. दोन्ही वेळी पाच लिटरचं भांडं भरायला किती सेकंद लागतात मोजा. तासाला 200 लिटर म्हणजे 90 सेकंद. खालची मर्यादा 180 सेकंदांच्या आसपास आणि वरची 45 च्या आसपास आली तर खुशाल खडी ओता. खालची बाजू तोकडी पडली तर नरसाळं आणि एल्बो तपासा, वरची पडली तर स्नॉर्कल.

खडी आपल्याकडची काळी बसाल्टची 12 ते 20 एमएम चालते, धुऊन घ्या, आणि थोड्या खड्यांवर व्हिनेगर टाकून बघा, फेस आला तर चुना आहे, पीएच चढवत राहील. लाइट गेली तर बेडमध्ये अर्धवट पाणी राहतं, दोन-चार तास झाडांना काही होत नाही. पण तेव्हा मासे एअर पंपाविना असतात, इन्व्हर्टरवर आधी तो घ्या.