बेटावर पक्षी नोंदवायला जाताय? आधी घड्याळ लावा

दुर्बीण, टोपी, पाणी, बोट लागू नये म्हणून गोळ्या. यावर बोलत बसत नाही, हे सगळेच नेतात. मीही नेलं होतं. विसरलो ते कॅमेऱ्याचं घड्याळ लावायला.

मागच्या खेपेला बोटीवरून एका स्टॉर्म पेट्रेलचे, म्हणजे एका छोट्या समुद्रपक्ष्याचे, अकरा फोटो मिळाले. पंखांची खालची बाजू, कमरेवरचा पांढरा पट्टा, शेपटीमागे डोकावणारे पाय, सगळं स्पष्ट. घरी येऊन ते जीपीएसने नोंदवलेल्या बोटीच्या मार्गावर, वेळ जुळवून, बसवायला घेतले आणि तिथेच अडलो. कॅमेऱ्यात घरची वेळ होती. नुसतं तेवढंच असतं तर बेरीज-वजाबाकी करून भागलं असतं. पण ते घड्याळ वर्षभरात किती मिनिटं सरकलं होतं, ते तपासायची सोयच उरली नव्हती. परतीच्या प्रवासात बॅटरी काढून ठेवली आणि जुन्या कॅमेऱ्याने तारीख-वेळ सगळं पुसून टाकलं. बोट १० नॉटने चालली होती, म्हणजे तासाला साधारण साडेअठरा किलोमीटर. वीस मिनिटं इकडेतिकडे झाली की सहा किलोमीटरचा फरक. वाटेत बेटं दोन. पक्षी त्यांतल्या कुठल्या बेटापाशी होता ते मी आजही सांगू शकत नाही. नोंद तपासणाऱ्यांनी पक्षी मान्य केला, जागा नाही. त्यांचं बरोबरच होतं.

तेव्हा निघायच्या आदल्या रात्री कॅमेरा, रेकॉर्डर आणि मोबाइल शेजारी शेजारी ठेवा आणि तिन्हींची वेळ एकच करा. शक्यतो यूटीसी, म्हणजे जगभर एकच असलेली प्रमाणवेळ. स्थानिक वेळेच्या भानगडीत पडूच नका, बेटांची वेळ तऱ्हेवाईक असते. चॅटम बेटं न्यूझीलंडचीच, पण त्यांचं घड्याळ तिथल्या मुख्य भूमीपेक्षा ४५ मिनिटं पुढे. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावर उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात, तेही अर्धाच तास. मोबाइल आपोआप वेळ लावतो म्हणून निर्धास्त राहाल, तर तो मधेच भलत्याच टॉवरची वेळ पकडेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. ती सोय बंद करा.

आणि एवढ्यावर थांबू नका. रोज सकाळी, पहिला पक्षी दिसायच्या आधी, जीपीएसच्या पडद्यावरची सेकंदांसकट वेळ प्रत्येक कॅमेऱ्याने टिपा. संध्याकाळी परत टिपा. दोघांकडे दोन कॅमेरे असतील तर दोघांनीही. घड्याळ चुकलेलं असलं तरी चालतं, किती चुकलंय हे त्या एका फोटोवरून काढता येतं. माझ्याकडे तो एक फोटो नव्हता.

वही पाण्याने न भिजणाऱ्या कागदाची आणि सोबत पेन्सिल. शाईचं पेन नेलंत तर खाऱ्या पाण्याचा एक शिंतोडा आणि सकाळ गेली. अनोळखी पक्षी दिसला की आधी जे दिसलं ते लिहा, पुस्तक मागून उघडा. चित्र एकदा पाहिलं की न दिसलेला पट्टाही दिसल्यासारखा वाटायला लागतो, हे ज्याच्या त्याच्या बाबतीत होतं. आकडा लिहा, ‘बरेच’ लिहू नका. किती वाजता सुरू केलं, कधी थांबलात, किती चाललात, बघणारे किती जण होते, हेही लिहा. अख्खा कडा पालथा घालून एकही सुरय (टर्न) दिसला नाही तर शून्य लिहा. अशा ठिकाणी पुढचा माणूस कधी पोहोचेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे तुमच्या शून्यालाही किंमत आहे. बोटीवर दर तासाला नवी यादी सुरू करा, म्हणजे दिवसभराच्या पक्ष्यांचा एकच गठ्ठा होणार नाही.

फोटो धूसर आला तरी तिथेच पुसू नका. न्यूझीलंड स्टॉर्म पेट्रेल हा पक्षी एकोणिसाव्या शतकातल्या तीन नमुन्यांवरूनच माहीत होता, तो संपला असंच धरून चालले होते. २००३ मध्ये समुद्रावर काढलेल्या फोटोंवरून तो अजून आहे हे कळलं, आणि २०१३ मध्ये न्यूझीलंडच्याच लिटल बॅरियर बेटावर त्याची वीण सापडली. धूसर फोटोतही पायांची लांबी आणि पोटावरच्या रेघा कळू शकतात. अर्थात फोटो कधीचा आणि कुठला ते माहीत असेल तर. घड्याळ!

उतरण्याआधी बूट, मोजे, बॅगेच्या शिवणी आणि वेल्क्रो झाडून घ्या, बिया तिथेच अडकतात. बॅगेत उंदीर नाही ना, तेही बघा. हसू नका. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर माणसांच्या जहाजांतून पोहोचलेले घरातले साधे उंदीर अल्बट्रॉसची पिल्लं जिवंतपणी कुरतडतात. चालताना पायवाट सोडू नका. पेट्रेल आणि शिअरवॉटर हे समुद्रपक्षी जमिनीत बिळं करतात, वरून काही कळत नाही आणि पाय आत गेला की बिळाचं छप्पर खाली. सुरयांच्या वसाहतीपाशी रेंगाळू नका. आईबाप उडाले की उन्हात अंडी भाजतात. फोटो लांबून.

यांतले कित्येक पक्षी बिळाकडे फक्त रात्री येतात, त्यामुळे रेकॉर्डर हवाच. विजेरी लाल उजेडाची. पांढऱ्या उजेडाकडे ते झेपावतात आणि आपटतात. आवाज वॅव्ह (WAV) फाइलमध्ये, म्हणजे न दाबता, साठवा. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी तारीख, वेळ, जागा तोंडाने बोला, रेकॉर्डरच्या घड्याळावर सोडू नका. मी सोडलं होतं. ते २०१० सालात होतं.

मेलेला पक्षी दिसला तर शेजारी पट्टी ठेवून फोटो, पायात कडं असेल तर नंबर. रोज रात्री फोटो-आवाजांच्या दोन प्रती, वेगवेगळ्या बॅगांत. भिंगावरचं मीठ कोरड्या फडक्याने पुसू नका, ओरखडे पडतात. नोंदी घरी पोहोचल्यावर आठवड्याच्या आत भरा. घरट्यांची नेमकी जागा उघड करू नका. चार्जर, जास्तीच्या बॅटऱ्या, सिलिका जेल, बस.

बॅग बंद करण्याआधी कॅमेरा पुन्हा चालू करा. वेळ बघा. तारीख बघा. सालसुद्धा बघा.